इवागुमी : चार दगड आणि हिरवळ असलेला फिश टँक इतका अवघड का असतो?

काचेची स्वच्छ टाकी, त्यात तीन-पाच दगड, खाली गालिचासारखी हिरवळ आणि वर एकाच जातीच्या माशांचा छोटा थवा. ना प्लॅस्टिकचा किल्ला, ना रंगीत खडे, ना बुडबुडे सोडणारा खजिन्याचा पेटारा. इन्स्टाग्रामवर आणि यूट्यूबवर असे फिश टँक सध्या भरपूर दिसतात. तीस सेकंदांच्या रीलमध्ये माती पडते, दगड लागतात, पाणी भरतं आणि लगेच मासे पोहायला लागतात.

या शैलीचं नाव आहे 'इवागुमी'. टाकीत सामान कमी, म्हणजे खर्च कमी आणि काम कमी, असा समज करून अनेक जण पहिलाच टँक इवागुमी करायचं ठरवतात. पण अ‍ॅक्वेरियमच्या शैलींमध्ये सांभाळायला अवघड मानल्या जाणाऱ्या शैलींपैकी ही एक आहे. घाई केली तर त्याची किंमत टाकीतले मासे मोजतात.

इवागुमी म्हणजे नेमकं काय, तिचे नियम कोणते आणि आपल्याकडच्या पाण्यात, उन्हाळ्यात ती टिकवायची कशी, हे समजून घेऊ या.

इवागुमी कुठून आली?

'इवा' म्हणजे जपानी भाषेत खडक आणि 'गुमी' म्हणजे रचना किंवा मांडणी. या मांडणीचं मूळ जपानच्या बागांमध्ये आहे. अकराव्या शतकातल्या 'साकुतेइकी' या बागकामावरच्या जपानी ग्रंथात दगड कसे उभे करावेत, याला मोठी जागा दिलेली आहे. क्योतोमधल्या र्योआन-जी मंदिराची बाग तर निव्वळ १५ दगड आणि पांढऱ्या खडीची आहे. मोकळी जागा हा तिथे रचनेचाच भाग असतो.

ही दृष्टी काचेच्या टाकीत आणली ताकाशी अमानो यांनी. जपानमधल्या निगाता इथे १९५४ साली जन्मलेले अमानो आधी व्यावसायिक सायकलपटू होते. नंतर ते छायाचित्रकार झाले आणि अ‍ॅमेझॉन, बोर्निओ, पश्चिम आफ्रिकेतल्या वर्षावनांचे फोटो त्यांनी मोठ्या फॉरमॅटच्या कॅमेऱ्यांनी काढले. १९८२ मध्ये त्यांनी 'अ‍ॅक्वा डिझाइन अमानो' ही कंपनी सुरू केली. टाकीत पाणवनस्पती वाढवण्यासाठी कार्बन डायऑक्साइड सोडणं आणि शेवाळ खायला कोळंबी ठेवणं, या गोष्टी जगभर रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. शेवाळ खाणारी ती कोळंबी आज 'अमानो श्रिंप' म्हणूनच विकली जाते. २०१५ साली त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी पोर्तुगालमधल्या लिस्बन मत्स्यालयात त्यांनी उभारलेला ४० मीटर लांबीचा गोड्या पाण्याचा देखावा लोकांसाठी खुला झाला होता.

दगडांची नावं आणि त्यांची कामं

इवागुमीत दगड साधारणपणे विषम संख्येत ठेवतात : ३, ५ किंवा ७. सम संख्या असली की नजर दोन्ही बाजूंना सारखी वाटली जाते आणि देखावा मांडून ठेवल्यासारखा वाटतो. प्रत्येक दगडाला काम ठरलेलं असतं.

ओयाइशी : हा मुख्य दगड. सर्वांत मोठा आणि सर्वांत देखणा. त्याचं टोक टाकीच्या उंचीच्या साधारण दोन-तृतीयांशपर्यंत पोहोचावं.

फुकुइशी : दुसऱ्या क्रमांकाचा दगड. मुख्य दगडाच्या डावीकडे किंवा उजवीकडे, त्याचा तोल सांभाळणारा.

सोएइशी : मुख्य दगडाला साथ देणारा छोटा दगड.

सुतेइशी : याचा शब्दशः अर्थ 'टाकून दिलेला दगड'. हा छोटा दगड कालांतराने हिरवळीत झाकला जातो. तो असतो म्हणूनच बाकीची रचना नैसर्गिक वाटते.

तीन दगडांच्या मांडणीला 'सानझोन इवागुमी' म्हणतात. मध्ये बुद्ध आणि दोन बाजूंना दोन बोधिसत्त्व, या बौद्ध त्रिमूर्तीवरून ती आली आहे.

मुख्य दगड बरोबर मध्यभागी ठेवायचा नाही, हा सगळ्यात महत्त्वाचा नियम. त्यासाठी १ : १.६१८ हे सुवर्ण गुणोत्तर वापरतात. टाकी ६० सेंटिमीटर लांब असेल, तर मुख्य दगडाची जागा एका बाजूपासून सुमारे ३७ आणि दुसऱ्या बाजूपासून सुमारे २३ सेंटिमीटरवर येते. हा दगड सरळ उभा न करता थोडा कललेला ठेवतात. वाहत्या पाण्याने वर्षानुवर्षं ढकलल्यासारखा तो दिसला पाहिजे. सगळे दगड एकाच प्रकारचे हवेत आणि त्यांच्यावरच्या रेषा एकाच दिशेने जायला हव्यात.

दगड मातीवर नुसता ठेवलेला दिसू नये, मातीतून वर आलेला दिसावा. म्हणून त्याचा खालचा भाग मातीत पुरतात. जड दगड थेट काचेवर टेकवणं धोक्याचं असतं. त्याचा भार पसरावा म्हणून खाली प्लॅस्टिकची जाळी घालतात. मातीला पुढून मागे चढ देतात : पुढे ३ सेंटिमीटर, तर मागे १० किंवा त्याहून जास्त. या उतारामुळे ३० सेंटिमीटर रुंदीची टाकीही खोल वाटते.

मांडणीसाठी सुरुवातीलाच पुरेसा वेळ द्यावा. पाणी भरल्यावर दगड हलवायचा म्हटलं, तर माती ढवळून निघते. खोक्यात वाळू भरून त्यात आधी रचना करून बघणं, मोबाइलवर फोटो काढून दोन-तीन दिवस तो पाहत राहणं, ही सोपी युक्ती आहे.

कोणता दगड चालतो?

इवागुमीत 'सेइर्यू' नावाचा राखाडी, पांढऱ्या शिरांचा दगड फार वापरला जातो. त्यात चुनखडीचा अंश असतो. तो हळूहळू पाण्यात विरघळतो, पाणी जड होतं आणि पीएच वाढतो. 'ड्रॅगन स्टोन' आणि लाव्हा रॉक यांचा पाण्यावर फारसा परिणाम होत नाही.

महाराष्ट्राचा बराचसा भाग तर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून बनलेल्या काळ्या कातळावर, म्हणजे बसाल्टवर वसलेला आहे. हा दगड सहसा पाण्याचे गुणधर्म बदलत नाही. पण त्याच्या पोकळ्यांमध्ये कधी कधी पांढरे स्फटिक असतात. ते कॅल्साइटचे असतील तर चुना पाण्यात उतरू शकतो. त्यासाठी एक घरगुती चाचणी आहे. कोरड्या दगडावर, विशेषतः पांढऱ्या भागावर, व्हिनेगरचे थेंब टाकायचे. बुडबुडे आले तर दगडात चुना आहे असं समजायचं.

दगड बाहेरून आणला असेल तर ब्रशने घासून, स्वच्छ धुऊन घ्यावा. ओला दगड थेट आचेवर तापवू नये, तो फुटून इजा होऊ शकते. अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यानातून दगड, माती, रोपं उचलणं हा गुन्हा आहे. ट्रेकवरून 'एक छोटा दगड' आणण्याआधी एवढं लक्षात ठेवावं.

हिरवळीसाठी कोणती झाडं?

इवागुमीत एक किंवा दोन-तीनच जातींची बुटकी झाडं लावतात.

मॉन्टे कार्लो : गोल, छोटी पानं. नवशिक्यांसाठी त्यातल्या त्यात सोपी.

क्यूबा : 'एचसी क्यूबा' या नावाने मिळते. पानं अगदी बारीक. दिसायला सर्वांत सुंदर, पण प्रकाश आणि कार्बन डायऑक्साइड कमी पडला की लगेच रुसते.

हेअर ग्रास : केसांसारखं बारीक गवत. त्याची 'मिनी' जात बुटकी राहते.

ग्लॉसोस्टिग्मा : ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडची वनस्पती. प्रकाश कमी पडला तर आडवी पसरायची सोडून वर वाढते.

युट्रिक्युलॅरिया ग्रॅमिनिफोलिया : गवतासारखी दिसणारी ही वनस्पती कीटकभक्षी आहे. पाण्यातले सूक्ष्म जीव ती बारीक पिशव्यांमध्ये पकडते. कास पठारावर पावसाळ्यानंतर फुलणारी निळी-जांभळी 'सीतेची आसवे' याच कुळातली. कासवरची रोपं मात्र कासवरच राहू द्यावीत. टाकीसाठी टिश्यू कल्चरची रोपं मिळतात आणि त्यांच्यासोबत गोगलगाय किंवा शेवाळ येत नाही.

रोपांचे छोटे पुंजके करून चिमट्याने २-३ सेंटिमीटर अंतरावर लावायचे. सगळं नीट जमलं तर साधारण दीड-दोन महिन्यांत हिरवळ भरून येते.

कमी सामान, तरी जास्त काम का?

दाट झाडांच्या टाकीत भराभर वाढणारी झाडं असतात. माशांच्या विष्ठेतून आणि मातीतून येणारा अमोनिया, नायट्रेट ती शोषून घेतात, त्यामुळे शेवाळाला खायला फार उरत नाही. इवागुमीत सुरुवातीला असतात फक्त बारीक पानांचे काही पुंजके. बुटक्या झाडांसाठी लाइट मात्र जोरदार लावलेला असतो आणि नवी 'अ‍ॅक्वा सॉइल' पहिले काही आठवडे पाण्यात अमोनिया सोडत असते. भरपूर प्रकाश, भरपूर खत आणि खाणारं कुणी नाही, ही शेवाळासाठी मेजवानीच. वर लपवायलाही काही नाही. दाट झाडांमध्ये थोडं शेवाळ खपून जातं, इथे तीन दगडांवर ते लगेच दिसतं.

म्हणून इवागुमीचा निकाल पहिल्या सहा आठवड्यांत लागतो. या काळात पाणी बदलणं हाच मुख्य उपाय असतो. पहिल्या आठवड्यात रोज, दुसऱ्यात दिवसाआड, तिसऱ्यात दोनदा आणि पुढे आठवड्यातून एकदा ३० ते ५० टक्के पाणी बदलायचं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, त्यामुळे त्यात अँटी-क्लोरीन टाकायचं. लाइट सुरुवातीला फक्त ६ तास ठेवायचा आणि हिरवळ धरल्यावर ८ तासांपर्यंत न्यायचा. खिडकीतलं ऊन थेट टाकीवर येऊ द्यायचं नाही.

हॉर्नवर्टसारखी झपाट्याने वाढणारी वनस्पती सुरुवातीचे काही आठवडे पाण्यात तरंगत ठेवायची, ही आणखी एक युक्ती. ती जास्तीचा अमोनिया शोषते. हिरवळ भरली की काढून टाकता येते.

पहिल्या काही आठवड्यांत काचेवर आणि दगडांवर तपकिरी थर आला तर घाबरू नये. ते डायटम्स असतात, नव्या टाकीत ते बहुतेक येतातच. पुसले की जातात आणि टाकी स्थिरावली की येणं थांबतं.

कार्बन डायऑक्साइड किती आणि कधी?

मॉन्टे कार्लो किंवा हेअर ग्रास त्याशिवायही तगू शकतं, पण रीलमधल्यासारखा दाट गालिचा हवा असेल तर कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर जवळपास अटळ आहे. पाण्यात त्याचं प्रमाण लिटरमागे २० ते ३० मिलिग्रॅम असावं. ते ओळखण्यासाठी 'ड्रॉप चेकर' नावाची काचेची छोटी कुपी टाकीत लावतात. आतलं द्रावण निळं असेल तर गॅस कमी, हिरवं असेल तर योग्य आणि पिवळं झालं तर जास्त. हा रंग तास-दोन तास उशिराने बदलतो, त्यामुळे गॅस एकदम वाढवू नये.

लाइट लागण्याच्या एक-दोन तास आधी गॅस सुरू करायचा आणि लाइट बंद होण्याच्या तासभर आधी थांबवायचा. रात्री झाडं कार्बन डायऑक्साइड वापरत नाहीत, उलट ऑक्सिजन घेतात. रात्रभर गॅस चालू राहिला तर सकाळी मासे पृष्ठभागावर धापा टाकताना किंवा मेलेले दिसतात. त्यामुळे टायमरला जोडलेला सोलेनॉइड व्हॉल्व्ह ही चैन नाही, गरज आहे. वीज गेली की तो गॅसही बंद करतो.

मासे कधी सोडायचे?

टाकी भरली त्याच दिवशी मासे सोडणं, ही सर्वांत महागात पडणारी चूक. माशांना विषारी असलेल्या अमोनियाचं रूपांतर आधी नायट्राइटमध्ये आणि मग तुलनेने कमी घातक नायट्रेटमध्ये करणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढावे लागतात. याला 'सायकलिंग' म्हणतात आणि त्याला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसेपर्यंत थांबायचं. पाणी स्वच्छ दिसतं, यावरून काहीही ठरत नाही. अमोनियाला रंग नसतो.

त्यानंतर आधी अमानो श्रिंप सोडावी. तिच्या पिल्लांना वाढायला खारं पाणी लागतं, त्यामुळे गोड्या पाण्याच्या टाकीत तिची संख्या वाढत नाही. कोळंबीला तांबं घातक असतं, म्हणून माशांचं कोणतंही औषध टाकण्यापूर्वी त्यातले घटक वाचावेत.

मासे एकाच जातीचे, लहान आणि थव्याने राहणारे निवडतात : निऑन किंवा कार्डिनल टेट्रा, रमीनोज, हार्लेक्विन रासबोरा. ६० सेंटिमीटरच्या टाकीला १२ ते १५ मासे पुरेत. लहान माशांमुळे दगड डोंगराएवढे वाटतात. गोल्डफिश इथे चालत नाही, तो झाडं उपटतो आणि खातो.

आपल्याकडचं पाणी, उन्हाळा आणि लोडशेडिंग

बोअरवेलचं पाणी अनेक ठिकाणी जड असतं. अशा ठिकाणी त्यात आरओचं पाणी मिसळतात. पण निव्वळ आरओच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम जवळपास नसतं, त्यामुळे ते वापरायचं असेल तर क्षार वेगळे घालावे लागतात.

बहुतेक झाडांना आणि टेट्रांना २२ ते २६ अंश तापमान मानवतं. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भ, मराठवाडा, खानदेशात टाकीचं पाणी सहज तिशी ओलांडतं. गरम पाण्यात ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही कमी विरघळतात. पृष्ठभागावर वारा देणारा छोटा पंखा लावला तर बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरू शकतं. उडालेल्या पाण्याच्या जागी आरओचं पाणी घालावं, कारण पाणी उडतं, क्षार टाकीतच राहतात. लाइटचे तास दुपारऐवजी संध्याकाळी ठेवले तरी फरक पडतो. बर्फाने मात्र तापमान एकदम खाली-वर होतं, ते टाळावं.

वीज बराच वेळ जाणार असेल तर बॅटरीवर चालणारा एअर पंप हाताशी हवा. बंद डब्याचा, म्हणजे कॅनिस्टर फिल्टर अनेक तास बंद राहिला तर आतले जिवाणू ऑक्सिजनअभावी मरू लागतात आणि पाणी कुजतं. वीज आल्यावर ते पाणी आधी ओतून द्यावं, मगच फिल्टर सुरू करावा.

टाकी कुठे ठेवायची, हेही आधी ठरवावं. ६० × ३० × ३६ सेंटिमीटरच्या टाकीत ६० लिटरच्या आसपास पाणी मावतं. काच, माती आणि दगड धरून वजन ९०-१०० किलोपर्यंत जाऊ शकतं. साधं टेबल त्यासाठी पुरत नाही.

हिरवळ भरली, पुढे काय?

रील इथे संपते, टाकी संपत नाही. हिरवळ वाढू दिली तर जाड होत जाते. खालच्या थराला प्रकाश मिळत नाही, तो पिवळा पडून कुजतो आणि एक दिवस अख्खा गालिचा सुटून वर तरंगतो. म्हणून ती २-३ सेंटिमीटर उंचीच्या आतच ठेवायची. दर दोन-चार आठवड्यांनी वाकड्या पात्याच्या कात्रीने छाटायची आणि कापलेली पानं जाळीने काढून लगेच पाणी बदलायचं.

आठवड्याचा नियम साधा आहे : काच पुसणं, दगडांवरचं शेवाळ जुन्या टूथब्रशने घासणं, ३० ते ५० टक्के पाणी बदलणं आणि पोटॅशियम, लोह यांचं खत मोजून घालणं. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवायचा नाही, क्लोरीनने जिवाणू मरतात. टाकीतूनच काढलेल्या पाण्यात तो पिळून घ्यायचा. एकूण तासाभराचं काम आहे, पण चुकवता येत नाही. सलग दोन-तीन आठवडे हे राहून गेलं की शेवाळ पुढे निघून जातं.

एवढा वेळ देणं शक्य नसेल तर जावा फर्न, अनुबियाससारखी सावलीत जगणारी झाडं दगडांना बांधून साधी टाकी करता येते. ती इवागुमी ठरणार नाही, पण गॅस सिलिंडर लागत नाही आणि मासे सुखात राहतात.

टाकी बंदच करायची वेळ आली, तर मासे आणि झाडं दुकानदाराला किंवा दुसऱ्या हौशी व्यक्तीला द्यावीत. नदीत, तलावात, विहिरीत सोडू नयेत. आज नद्या आणि तलाव झाकून टाकणारी जलपर्णी भारतात आली ती शोभेची वनस्पती म्हणूनच. टाकीची काच साफ करायला आणला जाणारा दक्षिण अमेरिकेतला सकर मासा आता भारतातल्या नद्या-जलाशयांमध्ये मच्छीमारांच्या जाळ्यात सापडतो. छाटलेली हिरवळसुद्धा गटारात न टाकता वाळवून कुंडीत घालावी.